उपग्रहाचा फोटो काढताना सेकंदही टिपा

१९५७ मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला, त्यानंतर उपग्रहांचा माग काढायला अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने जगभर बारा ठिकाणी बेकर-नन कॅमेरे बसवले. त्यांतला एक नैनितालला होता. मागचे तारे आणि नेमकी वेळ, दोन्हींची नोंद होई. त्यावरून कक्षा काढत. आज हे काम गच्चीवरून साध्या डीएसएलआरनेही जमतं.

सुरुवात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून करा. 'हेवन्स अबव्ह' या संकेतस्थळावर आपलं गाव टाकलं की स्थानक कधी, कुठून उगवेल ते कळतं. सूर्यास्तानंतरची किंवा सूर्योदयाआधीची वेळ घ्या. तेव्हा आपल्याकडे अंधार असतो, पण चारशे किलोमीटर वर ऊन. पावसाळ्यात हात लावू नका, ऑक्टोबरपासून आकाश उघडतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. २४ मिमीची लेन्स, एफ/२.८, आयएसओ ८००, शटर १० सेकंद. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, ठळक तारा मोठा करून बघा, तो टाचणीच्या टोकाएवढा दिसेपर्यंत लेन्सची फोकस रिंग फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. माझी एक अख्खी फेरी ही पट्टी न लावल्यामुळे धूसर आली. शटर उघडं असताना सरकणाऱ्या स्थानकाची फोटोत रेघ उमटते. शटर जास्त वेळ उघडं ठेवून ती उजळ होत नाही, नुसती लांबते.

आता खरी गोष्ट, वेळ. डोक्यावरून जाताना स्थानक सेकंदाला साधारण एक अंश सरकतं, म्हणजे दोन पूर्ण चंद्रांएवढं. घड्याळ दोन सेकंद चुकलं तर मोजमाप वाया. म्हणून एका फोनवर इंटरनेटशी जुळवलेलं सेकंदाचं घड्याळ उघडा, दुसऱ्या फोनने त्याचा व्हिडिओ घ्या आणि तो कॅमेऱ्याजवळच ठेवा. शटरचा 'खट्' आवाज व्हिडिओत येतो; उघडल्याची आणि मिटल्याची वेळ नंतर निवांत ऐकून लिहा. सायलेंट शटर वापरू नका. कॅमेरा हलू नये म्हणून बटण केबल रिलीजने, म्हणजे वायरीला जोडलेल्या बटणाने, दाबा.

रेघेची दोन्ही टोकं चौकटीत हवीत. पश्चिमेकडचं टोक सुरुवातीचं. फोटो 'अॅस्ट्रोमेट्री डॉट नेट' या संकेतस्थळावर चढवला की तारे ओळखले जातात आणि टोकांचे विषुवांश-क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश-रेखांशांसारखे आकडे, वाचता येतात. ते स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमधल्या स्थानाशी ताडून पाहा. त्यात कक्षेची माहिती मात्र त्याच दिवशीची भरा. वातावरणाच्या घर्षणाने स्थानक खाली येत राहतं आणि अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलतात.