मयताच्या सीनमध्ये दूध उतू जातं तेव्हा

मी मालिकांचे एपिसोड लिहिते. माझा पहिला मयताचा सीन सपशेल आपटला. शेजारचे काका तिरडीजवळ उभे राहून कोट्या करत होते. वाचनाला बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही, आणि रडायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हापासून हसवत हसवत रडवणारा सीन हातात आला की आधी एवढंच बघते : या घरात आत्ता कुठलं काम अडलंय?

माझी आजी गेली तेव्हाचं सांगते. त्याआधी कुणीतरी गॅसवर दूध ठेवलं होतं. बाहेर नुसता आकांत. मधेच काकू उठली, आत गेली, गॅस बंद केला, वर आलेल्या दुधावर फुंकर मारली, पातेल्यावर ताटली ठेवली, पदराला हात पुसले आणि परत येऊन त्याच पट्टीत रडायला लागली.

हे लिहायचं तर काकूला वाक्य देऊ नका. ‘अगंबाई, दूध!’ एवढंसुद्धा नको. तिच्या लेखी लिटरभर दूध वाया चाललंय, बस्स. ताटली नीट बसली का हे ती बघते, तेही लिहा. घाईत आपण नेमकं तेच कापतो. वाक्य हवंच असेल तर शेजारी बसलेल्या बाईला द्या, हुंदके देता देता : ‘बंद केलास ना?’ आणि कंसात ठळक लिहा, ‘पार्श्वसंगीत नाही’. (तरी कुणीतरी ‘टुंग’ घालतंच.)

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढतात त्यावरचा परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) एकदा आवाज बंद करून बघा. बाईची भूमिका करायला आलेले पुरुष मिशी काढायला तयार नाहीत, कारण बाप जिवंत आहे. त्यांना ते अजिबात गमतीचं वाटत नाही. इकडे फाळक्यांच्या घरातलं सामान सिनेमापायी विकलं जातंय. राजेश मापुसकरांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये (2016) काका आयसीयूत आणि गणपती तोंडावर. सगळ्यांच्या डोक्यात काय चाललंय ते सांगायला नको.

लिहून झालं की घरात मोठ्याने वाचा. दुधाचा सीन ऐकून सासूबाईंनी विचारलं, ‘मग त्या दुधाचं काय केलंत?’ ते मी लिहिलंच नव्हतं. शेजारणीने त्याचा सगळ्यांना चहा करून आणला होता. काकूने एक घोट घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, साखर कमी पडली.