बायझंटाईन दरबारातल्या कटावर कादंबरी लिहायचीय? आधी दारं मोजा

ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलं आणि विषय बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या दरबाराचा असला की पहिल्या पन्नास पानांत विषाचा प्याला, पडद्याआडची कुजबुज आणि धूर्त प्रधान हे सगळं येऊन जातं आणि मग गाडी अडते, कारण कट प्रत्यक्षात चालतो कसा हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं. मला विचाराल तर या दरबारातलं कारस्थान म्हणजे मुळात दारांचा प्रश्न आहे. सम्राटाच्या खोलीपर्यंत कोण पोचू शकतं, रात्री कडी कोण लावतं, चिठ्ठी कुणाच्या हातून आत जाते. हे पक्कं झालं की प्लॉट बराचसा आपोआप हलायला लागतो.

सुरुवात करताना अख्खं साम्राज्य अंगावर घेऊ नका, हजार वर्षांचा मामला आहे तो. एक रात्र निवडा. मी उदाहरणासाठी 10 डिसेंबर 969 ची रात्र घेते. सम्राट निकेफोरोस फोकास, म्हातारपणाकडे झुकलेला सेनापती, 961 मध्ये क्रीट बेट जिंकून घेणारा. त्याचा भाचा योहान्नेस त्झिमिस्केस, तोही सेनापती, पण पद काढून घेतलेला आणि आपल्या जहागिरीवर बसवून ठेवलेला. आणि सम्राज्ञी थेओफानो, आधीच्या सम्राटाची विधवा, दोन लहान मुलांची आई. भाच्याला परत राजधानीत येऊ द्या असं सम्राटाला पटवलं ते तिनेच.

आता दारं मोजूया. राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) मोठा राजवाडा एका इमारतीचा नाही, दालनं, प्रार्थनाघरं, बागा, पायऱ्या असा समुद्रापर्यंत उतरत गेलेला पसारा आहे. लोक चिडलेले होते म्हणून निकेफोरोसने त्याच्याभोवती भिंत बांधून घेतली होती. म्हणजे शहराकडून येणं बंद, उरला समुद्र. त्या काळचा इतिहासकार, लिओ नावाचा डीकन (चर्चमधला कनिष्ठ धर्माधिकारी), लिहितो की मारेकरी थेओफानोने आधीच आपल्या खोल्यांजवळ लपवून ठेवले होते. संध्याकाळी एका धर्मगुरूने सम्राटाला चिठ्ठी दिली की आज रात्री घात होणार आहे, सम्राज्ञीच्या खोल्या तपासून घ्या. सम्राटाने मिखाएल नावाच्या सेवकाला पाठवलं, त्याने सगळं पाहिलं, फक्त ती एकच खोली सोडली. मुद्दाम? की सम्राज्ञीच्या खासगी खोलीत शिरायचा संकोच? इथे थांबा, घाई करू नका, तुमच्या कादंबरीतलं अख्खं एक प्रकरण या माणसाचं आहे. तो त्या दारापाशी उभा असताना त्याचा हात कुठे आहे ते मला वाचक म्हणून बघायचंय.

मग थेओफानो नवऱ्याला सांगते की बल्गेरियाहून आलेल्या राजकन्यांची व्यवस्था लावून येते, दार उघडं ठेव, आल्यावर मी लावते. बस, एवढंच. सगळा खून त्या घरगुती वाक्यात आहे, त्यामुळे तुम्ही तिच्या तोंडी काही गूढ, दुहेरी अर्थाचं घातलंत तर सीन मेला म्हणून समजा.

इथेच मराठीची अडचण येते. ती सम्राटाला काय म्हणेल? 'अहो' लिहिलंत की लगेच वाडा उभा राहतो, तुळशीवृंदावनासकट. 'तू' म्हटलं तर आजच्या फ्लॅटमधलं जोडपं वाटतं, 'आपण' सारखं सारखं आलं की नाटक होतं. मी काय करते, तर वाक्यच असं बांधते की संबोधन लागूच नये. 'दार उघडंच राहिलं तरी चालेल, आल्यावर मी लावते.' मराठीत हे छान जमतं आणि दोघांमधलं अंतर किती ते वाचकाला बरोब्बर कळतं. मामा-भाच्यांचं मात्र उलट आहे, तिथे 'मामा' हा शब्द बिनधास्त वापरा, कारण त्झिमिस्केस खरोखरच सम्राटाच्या बहिणीचा मुलगा होता आणि भाच्याने मामाला मारणं हे आपल्या कानाला जसं लागतं तसं कुठल्याच पदवीने लागणार नाही. फक्त आपल्याकडे मामाला मारणारा भाचा म्हटलं की कंस आणि कृष्ण आठवतात, म्हणजे वाचक नकळत भाच्याच्या बाजूने जाऊन बसतो, हे लक्षात ठेवून मामाला थोडा जास्त वेळ द्या.

शब्दांचं अजून एक. 'वझीर', 'जनानखाना', 'खलिता' हे शब्द आले की वाचक आग्र्याला पोचतो. खोजांचं तर जास्तच सांभाळा. त्या दरबारात ते फक्त सेवक नव्हते, मोठमोठ्या पदांवर होते, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचं एक कारण म्हणजे ते स्वतः सम्राट होऊ शकत नव्हते. बासिल लेकापेनोस बघा, एका सम्राटाचा अनौरस मुलगा, लहानपणीच खच्ची केलेला, त्याचं पद 'पाराकोइमोमेनोस', म्हणजे शेजारी झोपणारा, सम्राटाच्या शयनगृहाचा रखवालदार. 963 मध्ये त्याने निकेफोरोसला गादीवर यायला मदत केली, 969 मध्ये त्झिमिस्केसच्या बाजूला गेला, आणि 985 पर्यंत टिकला. मी 'खोजा' हा शब्द एकदाच वापरते, नंतर 'शयनगृहाचा अधिकारी' किंवा सरळ नाव. त्याला लाचार, किनऱ्या आवाजाचा खलनायक करू नका, प्लीज. इतकी वर्षं अख्खं राज्य चालवणारा माणूस आहे तो.

थेओफानोच्या बाबतीत पण हेच. जुने इतिहासकार तिला खानावळवाल्याची मुलगी, देखणी, वासनेपायी नवऱ्याला मारणारी असं रंगवतात आणि लिहिणारे सगळे पुरुष, त्यातले बरेच चर्चचे. आपण 'ध चा मा' ऐकत मोठे झालोय, राजघराण्यातल्या खुनाचं खापर बाईच्या माथी किती सहज फुटतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिचा मोठा मुलगा अकरा वर्षांचा, धाकटा नऊचा, दोघंही नावापुरते सहसम्राट. त्यांचं पुढे काय होणार हा प्रश्न घेऊन ती रात्री जागी असेल, तिथून लिहून बघा.

कटातली दुय्यम माणसंही कारण असल्याशिवाय आणू नका. सेनानी मिखाएल बुर्त्झेसने (खोल्या तपासणारा मिखाएल वेगळा) ऑक्टोबरच्या शेवटी अँटिओक शहर घ्यायला वाट करून दिली, पण हुकुमाबाहेर जाऊन, म्हणून शाबासकीऐवजी पद गेलं. जिंकून आलेला आणि शिक्षा झालेला माणूस. सहा आठवड्यांनी तो मारेकऱ्यांमध्ये होता.

रोजच्या वस्तूंचा रिसर्च करा पण पानभर ओतू नका. जेवणात टोमॅटो, बटाटा, मिरची नाही, कॉफी पण नाही. मासळीचा आंबवलेला रस्सा आहे, आणि राळ घातलेली वाईन, जिच्याबद्दल 968 मध्ये आलेला इटालियन राजदूत लिउतप्रांद कुरकुरला होता. (त्याने घेतलेलं जांभळं रेशीम जाताना काढून घेतलं, ते देशाबाहेर न्यायला मनाई होती. यावर एक वेगळी कथा होईल.) सोन्याचं नाणं नोमिस्मा, साधारण साडेचार ग्रॅमचं. वर्ष जगाच्या उत्पत्तीपासून मोजायचं आणि 1 सप्टेंबरला बदलायचं, म्हणजे त्या रात्री 6478 चालू होतं. आणि ते स्वतःला बायझंटाईन म्हणत नव्हते, रोमन म्हणायचे, त्यामुळे संवादात 'बायझंटाईन' शब्द आला की चूक.

खुनाचा सीन लिहिताना क्रम बदलू नका, खऱ्या घटनेतच सगळं आहे. बर्फ पडतोय, उत्तरेचा वारा, होडी भिंतीखाली लागते, वरून दोराला बांधलेली टोपली खाली येते आणि माणसं एकेक करून वर, त्झिमिस्केस सगळ्यात शेवटी. ओला दोर तळहाताला कसा लागतो ते लिहा, टोपली भिंतीवर आपटली की सगळे कसे श्वास धरतात ते लिहा. मग खोलीत शिरतात आणि पलंग रिकामा. फितुरी झाली म्हणून इतके घाबरतात की समुद्रात उडी टाकायला निघतात. तेवढ्यात सम्राज्ञीकडचा एक नोकर दाखवतो, सम्राट पलंगावर झोपतच नाही, पवित्र चित्रांसमोर जमिनीवर, कातड्यावर झोपतो, संन्याशासारखा. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये हा रिकामा पलंग दोन ओळींत उरकला होता, नंतर तीन पानं केली आणि तेव्हा कुठे प्रकरण उभं राहिलं.

आणि खून झाला की कादंबरी बंद करू नका. रक्षक धावत आले तेव्हा त्यांना खिडकीतून सम्राटाचं डोकं दाखवलं गेलं. रस्त्यांवर त्झिमिस्केसच्या आणि त्या दोन मुलांच्या नावाने द्वाही फिरली. धर्मप्रमुख पोलिएउक्तोसने अट घातली, आधी थेओफानोला राजवाड्याबाहेर काढ, खुनी कोण ते सांग, मग मुकुट. त्झिमिस्केसने तिला बेटावर धाडलं आणि नाताळच्या दिवशी मुकुट घेतला. ज्या बाईने दार उघडं ठेवलं तिच्यासाठी ते दार कायमचं लागलं, तिचा मोठा मुलगा बासिल गादीवर येईपर्यंत तरी, म्हणजे 976. त्या सात वर्षांचं तुमच्या कादंबरीत काय करायचं ते आधी ठरवा. आणि निकेफोरोसचा देह दिवसभर बाहेर बर्फात पडून होता, संध्याकाळी कुणीतरी तो उचलून पुरायला नेला. नेणारी माणसं कोण होती, ती एकमेकांशी काय बोलली, ते लिहायला घ्या.