संस्था आणि विद्यापीठ मिळून आरोग्य संशोधन करताय? पैशाच्या बाबतीत या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला निधीच्या अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात विद्यापीठाचा फोन येतो, सपोर्ट लेटर (आम्ही या अभ्यासात सोबत आहोत असं पत्र) द्या म्हणून, आणि संस्था ते देऊन टाकते. तोपर्यंत संशोधनाचा प्रश्न, बजेट सगळं ठरलेलं असतं आणि संस्थेच्या वाट्याला 'मानधन' नावाची एक ओळ उरते. असं लेटर देऊ नका, आधी बजेटची पूर्ण शीट मागा आणि कुणाचे किती तास जाणार ते एकत्र बसून लिहा, नाहीतर घरोघरी जाऊन लोकांशी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम सेवा म्हणून फुकटात धरलं जातं, जे मला अजिबात पटत नाही कारण त्यांच्याशिवाय अभ्यासाला माणसंच मिळणार नाहीत.

दुसरी अडचण पैसे येण्याची. ग्रँट म्हणजे संशोधनाचा निधी विद्यापीठाच्या नावावर येतो, संस्थेशी वेगळा करार होतो आणि तो बऱ्याचदा 'आधी खर्च करा, मग बिलं द्या' असा असतो. विद्यापीठाला थांबणं परवडतं, छोट्या संस्थेचे पगार अडकतात. म्हणून सही करायच्या आधीच ॲडव्हान्स मागा, भाडं-ऑडिटसारख्या संस्था चालवायच्या खर्चाचा वाटा, म्हणजे ओव्हरहेडही मागा, विद्यापीठ स्वतःचा घेतंच ना. पैसे अडकलेच असतील तर प्राध्यापकांना मेसेज करत बसू नका, बिल विद्यापीठाच्या ग्रँट किंवा अकाउंट्स ऑफिसमध्ये कुणाकडे पडलंय ते शोधा.

आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीची मंजुरी आली म्हणजे झालं असं समजू नका. ती मुख्यतः भाग घेणाऱ्या माणसाची संमती आणि धोका बघते, पैसे कसे वाटले हे सहसा बघत नाही. डेटा आणि रक्तासारख्या नमुन्यांचं काय होणार हे करारातच लिहून घ्या. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी 1990 पासून डायबेटिसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतरावरच्या अभ्यासात वापरले गेले, तेही त्यांना न सांगता. कोर्टकचेरी होऊन 2010 मध्ये ॲरिझोनाच्या विद्यापीठ मंडळाने 7 लाख डॉलर दिले, नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान आदिवासींनी तर 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली.

निष्कर्ष लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचा खर्चही पहिल्याच बजेटमध्ये टाका, शेवटी त्यासाठी कुणाकडेच पैसे उरत नाहीत.