टर्बो नसलेल्या पिकअपचे इंजिन ट्यून करताना या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकजवळच्या दिंडोरी, पिंपळगाव आणि ओझर भागातले पिकअपवाले गॅरेजमध्ये एकच तक्रार घेऊन येतात: भरलेली गाडी घाटात ओढत नाही, तेव्हा रीमॅप करून द्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले (ईसीयू) इंधन आणि टायमिंगचे तक्ते (मॅप) बदलून द्या. मागणी समजण्यासारखी आहे, कारण वाशीच्या बाजारात माल वेळेवर पोहोचला तरच भाव मिळतो. मात्र ज्या गाड्यांना टर्बो नाही, म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन आहे, त्यांच्या बाबतीत या मागणीमागची अपेक्षाच बहुतेक वेळा चुकीची असते आणि पुढच्या सगळ्या चुका त्या अपेक्षेतून जन्म घेतात.

टर्बो डिझेलच्या रीमॅपमध्ये ताकद २० ते ३० टक्क्यांनी वाढल्याचे आकडे खरे असू शकतात, कारण तिथे टर्बोचा दाब वाढवून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबता येते. विनाटर्बो इंजिन मात्र वातावरणाचा दाब देईल तेवढीच हवा ओढते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ ते ७ टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे तेच इंजिन इथे मुळातच तेवढे कमजोर चालते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर गेला की हवा आणखी विरळ होते. अशा इंजिनात केवळ मॅप बदलून चांगल्या परिस्थितीत ५ ते ८ टक्क्यांचा फायदा मिळतो. ८० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) गाडीत हा फायदा चार ते सहा पीएसचा झाला. कोणी २० टक्के देतो असे म्हणत असेल, तर त्याला आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागावा आणि तो नसेल तर पैसे देऊ नयेत.

बिघाड न शोधताच ट्यूनिंग करणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. ओढ कमी झालेल्या गाडीची हरवलेली ताकद परत मिळवणे हे पहिले काम असते आणि ती अनेकदा रीमॅपच्या फायद्यापेक्षा जास्त भरते. टायरमध्ये हवा कमी असणे, ब्रेक चिकटणे, क्लच घसरणे, एअर फिल्टर मातीने भरणे, फ्युएल फिल्टर चोंदणे ही कारणे आधी तपासावीत. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून गाडी थांबवली आणि एका चाकाचा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापलेला आढळला, तर दोष इंजिनात नसून त्या ब्रेकमध्ये आहे. वरच्या गिअरमध्ये चढावर पूर्ण एक्सलेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. अशा गाडीत टॉर्क वाढवल्यास क्लच आणखी लवकर जाईल.

सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपमध्ये टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. गॅसच्या कोरड्या ज्वलनामुळे व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप वाढण्याऐवजी कमी होत जातो. गॅप कमी झाला की आवाजही कमी होतो, त्यामुळे मालकाला इंजिन उलट अधिक शांत झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) गळू लागतो आणि काही महिन्यांत व्हॉल्व्हची कड जळते. गॅप फीलर गेजने मोजावा, कानाने ठरवू नये. त्यानंतर सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासावे. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० ते १५ टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर ट्यूनिंगचा विचार तिथेच थांबवावा.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत साध्या ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू इंधनात किती कमी-जास्त दुरुस्ती करतो याचे, आकडे दिसतात. शॉर्ट (क्षणाक्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) ट्रिमची बेरीज अधिक किंवा उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर प्रकृती चांगली आहे. ती १० टक्क्यांच्या पलीकडे गेली असेल, तर कुठेतरी हवा गळते आहे, इंजेक्टर चोंदला आहे किंवा सेन्सर चुकीचे सांगतो आहे, आणि त्यावर नवा मॅप चढवणे म्हणजे ताप न मोजता औषध बदलत राहण्यासारखे आहे. दुहेरी इंधनाच्या गाडीत हे आकडे पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळे पाहावेत. गॅस किटचे सेटिंग बिघडलेले असताना काही गाड्यांत ईसीयू चुकीची दुरुस्ती शिकून ठेवतो आणि मग पेट्रोलवरही गाडी अडखळते.

उघडा फिल्टर आणि जाड सायलेन्सर

मूळ एअर बॉक्स काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला की आवाज वाढतो आणि गाडी जोरात पळते असा भास होतो. मारुती सुपर कॅरीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथे बसवलेला उघडा फिल्टर इंजिनाभोवतीची तापलेली हवाच ओढतो. आत जाणारी हवा ३५ अंशांऐवजी ६० अंशांची झाली, तर तिची घनता ७ ते ८ टक्क्यांनी घटते आणि रीमॅपमधून जेवढे मिळणार होते तेवढे सगळे इथेच निघून जाते. कसारा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढताना गाडीखाली वारा खेळत नसल्यामुळे ही उष्णता सर्वाधिक जाणवते, आणि ओढीची गरजही नेमकी तिथेच असते. शिवाय कांदा-टोमॅटो भरायला शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली, तर रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजते. मूळ बॉक्स, मूळ प्रतीचा कागदी फिल्टर आणि धुळीच्या दिवसांत तो ठरलेल्या अंतरापेक्षा लवकर बदलणे, एवढेच पिकअपसाठी योग्य आहे.

एक्झॉस्टबाबत ‘बॅक प्रेशर हवेच’ आणि ‘बॅक प्रेशर अजिबात नको’ अशी दोन्ही टोकाची मते ऐकू येतात. धुराला होणारा अडथळा इंजिनाला कधीच उपयोगी नसतो. उपयोगी असतो तो धुराचा वेग, कारण वेगाने निघालेला धुराचा लोट मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडर नीट रिकामा होण्यास मदत होते. फार जाड पाइप लावल्यास खालच्या फेऱ्यांवर हा वेग मरतो आणि भरलेली गाडी उचलताना इंजिन दबते. म्हणून मूळ व्यासापेक्षा फार मोठा पाइप घेऊ नये.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट, कापून टाकण्याचा सल्ला तर पूर्णपणे नाकारावा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांमध्ये कॅटच्या कामावर ऑक्सिजन सेन्सरची नजर असते, त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागतो. प्रदूषण तर वाढतेच. कॅट खरोखर चोंदला असल्याची शंका असेल, तर त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबमापक लावावा. २५०० फेऱ्यांवर ०.२ बारपेक्षा जास्त दाब दिसला तर अडथळा आहे असे समजावे, आणि नवा कॅट बसवण्याआधी जुना का चोंदला हेही शोधावे. बहुतेकदा कारण मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे) किंवा तेल जाळणारे इंजिन असते.

इंधन आणि टायमिंगमधील गैरसमज

आता पंपांवर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे एक नवी गल्लत होते आहे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा आणि इंधन यांचे प्रमाण १४.७ लागते, तर ई-२० साठी ते साधारण १३.५ आहे. वाइडबँड मीटर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) मात्र मुळात लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण, मोजतो आणि पेट्रोलच्या पट्टीवर आकडा दाखवतो. त्यामुळे मीटरवर १२.८ दिसले, तर टाकीत कोणतेही पेट्रोल असो, लॅम्डा ०.८७ असतो आणि पूर्ण थ्रॉटलवर तो योग्य आहे. हे न कळल्यामुळे १२.८ ला १३.५ ने भागून ‘मिश्रण पातळ आहे’ असा निष्कर्ष काढला जातो, विनाकारण इंधन वाढवले जाते, प्लग काळे पडतात आणि ॲव्हरेज घसरते. ट्यूनरला मीटर लॅम्डावर ठेवायला सांगावे, म्हणजे हा घोळ राहत नाही.

इग्निशन टायमिंग पुढे नेल्याने, म्हणजे ठिणगी लवकर पाडल्याने, एका मर्यादेपर्यंत टॉर्क वाढतो. त्या मर्यादेनंतर काहीच वाढत नाही, नॉकिंगचा (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याचा) धोका मात्र वाढत जातो. सकाळच्या थंड हवेत, रिकाम्या गाडीवर, गंगापूर रोडवर केलेले टायमिंग दुपारी भरलेल्या गाडीला घाटात मानवेलच असे नाही. मॅपची चाचणी नेहमी गरम इंजिन, गरम हवा आणि कायदेशीर मर्यादेतला पूर्ण भार अशा परिस्थितीत घ्यावी आणि नॉक सेन्सरमुळे टायमिंग किती मागे येते हे नोंदवावे.

सीएनजीवर ताकद सुमारे दहाव्या हिश्श्याने कमी होते, कारण वायुरूप इंधन सिलिंडरमधील हवेचीच जागा घेते. ही तूट इंधन वाढवून भरून निघत नाही. गॅस सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन खूप वरचा असतो, त्यामुळे गॅससाठी स्वतंत्र, पुढे नेलेले टायमिंग मिळाले तर थोडी ओढ परत येते. त्यासोबत चांगले प्लग आणि ठणठणीत कॉइल हवी. पेट्रोलसाठी केलेला मॅप गॅसवर आपोआप लागू पडेल, असे गृहीत धरू नये.

जुन्या डिझेलमध्ये पंपाचा स्क्रू पिळणे

२००५ साली आलेल्या टाटा एसचे, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचे, ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन विनाटर्बो होते आणि त्याची ताकद अवघी १६ हॉर्सपॉवर होती. अशा गाड्या अजूनही मार्केट यार्डात दिसतात. त्यांच्या पंपाचे सील तोडून डिझेलचा स्क्रू पिळण्याची पद्धत जुनी आहे आणि घातकही आहे. विनाटर्बो डिझेलमध्ये हवा ठरलेली असते, त्यामुळे एका मर्यादेनंतर वाढवलेले डिझेल जळतच नाही. ते काळा धूर होऊन बाहेर पडते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि लांब घाटात पिस्टनचा माथा किंवा हेड गॅस्केट त्याची किंमत मोजते. काळा धूर म्हणजे ताकद, हा समज सोडायला हवा. ओढ कमी असेल तर नोझल काढून टेस्टरवर फवारा पाहावा, तो धुक्यासारखा बारीक हवा आणि शेवटी थेंब लोंबकळता कामा नये. त्यानंतर पंपाचे टायमिंग तपासावे आणि गरज असल्यास पंप कॅलिब्रेशन बेंचवर द्यावा.

गिअरिंगकडे दुर्लक्ष

देखणेपणासाठी १५५ आर १३ ऐवजी १६५ आर १४ टायर बसवल्यास चाकाचा व्यास सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि रस्त्यावर मिळणारी ओढ तेवढीच घटते. म्हणजे रीमॅपवर हजारो रुपये खर्चून जे मिळते, ते एका टायरच्या निवडीत जाते. स्पीडोमीटरही कमी वेग दाखवू लागतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या (जास्त ड्युरेशनच्या) कॅमशाफ्टबाबतही हीच सावधगिरी हवी. असा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांकडे ढकलतो, तर भरलेल्या पिकअपला ती २००० ते ३५०० फेऱ्यांमध्ये लागते. शिवाय आयडलवर व्हॅक्यूम कमी झाल्यामुळे ब्रेक बूस्टर कमजोर पडू शकतो, आणि घाट उतरणाऱ्या मालवाहू गाडीत ही तडजोड कोणत्याही फायद्यासाठी मान्य करता येणार नाही.

एक्सलेटरच्या पेडलला जोडायचे रिस्पॉन्स बॉक्स फक्त पेडलचा संकेत बदलतात, ताकद वाढवत नाहीत. इंधनाच्या नळीवर लावायची चुंबके तर काहीच करत नाहीत.

कागदपत्रे आणि मूळ फाइल

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत नमूद असलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. मालवाहू गाडीला फिटनेसच्या तपासणीसाठी जावेच लागते, आणि आठ वर्षांनंतर तर दरवर्षी. ताशी ८० किलोमीटरचा वेगमर्यादक काढून देतो असे ट्यूनर सांगत असेल तर स्पष्ट नकार द्यावा, कारण अपघातानंतर विम्याचा दावा अशाच बदलांवर अडतो. मॅप बदलण्यापूर्वी ईसीयूमधील मूळ फाइल वाचून तिची प्रत पेन ड्राइव्हवर स्वतःच्या ताब्यात घ्यावी. काही ट्यूनर मूळ फाइल न वाचता दुसऱ्या गाडीची फाइल थेट चढवतात. त्यामुळे काम सुरू होण्याआधी ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक मूळ आणि नव्या अशा दोन्ही फाइलींवर एकच आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.