क्राबी ते पेनांग, किनाऱ्याकिनाऱ्याने: दोन देशांची कौटुंबिक सहल कशी आखायची

दक्षिण थायलंडचा पश्चिम किनारा फुकेत, क्राबी, को लांटा (‘को’ म्हणजे बेट) असा खाली उतरत जातो आणि पुढे मलेशियाचा होतो. पाणी तेच, चुनखडीचे सुळकेही तसेच. पण मधल्या एका फेरीबोटीत देश बदलतो, चलन बदलतं, घड्याळ एक तास पुढे जातं आणि भिंतीतला प्लगसुद्धा वेगळा निघतो. आजी-आजोबा आणि मुलं घेऊन हा पट्टा सलग बघायचा असेल तर आखणीची सुरुवात हॉटेलांपासून करू नका. सीमा कुठे आणि कोणत्या दिवशी ओलांडायची हे आधी पक्कं करा. विमानाची तिकिटं, मुक्काम, सामान, सगळं त्या एका दिवसाच्या अलीकडे-पलीकडे बसवायचं.

आधी महिना

या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. नुसत्या पावसाचं काही वाटलं नसतं, पण समुद्र खवळतो. छोट्या बोटी थांबतात, सिमिलान आणि सुरिनसारखी सागरी उद्यानं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि को लिपे ते लंकावी ही थायलंड-मलेशिया जोडणारी बोटही हंगामीच आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा खात्रीचा काळ. त्यातही डिसेंबरअखेर गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात, तर मार्च-एप्रिलमध्ये उकाडा वाढतो. निवड असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी घ्यावा.

मे महिन्याची सुट्टी सोडून जमतच नसेल, तर सहल रद्द करायची गरज नाही, फक्त सीमा जमिनीवरून ओलांडा. दक्षिण थायलंडमधल्या हात याई शहरातून सीमेवरच्या पाडांग बेसारला लोकल गाडी जाते. तिथे दोन्ही देशांची इमिग्रेशन एकाच स्टेशनात आहेत, आणि पलीकडून मलेशियाची कोम्युटर रेल्वे थेट बटरवर्थपर्यंत नेते. तिथून पेनांग बेट फेरीने अगदी जवळ. या वाटेत लिपे हुकतं, पण बोट रद्द होईल ही धास्तीही राहत नाही.

मग विमान, आणि ते परतीचं नको

एका शहरात उतरा आणि दुसऱ्यातून निघा. क्राबी किंवा फुकेतला उतरून पेनांग किंवा क्वालालंपूरहून परतायचं. जाऊन-येऊन एकाच विमानतळाचं तिकीट स्वस्त दिसतं, पण तोच किनारा उलटा कापण्यात एक-दोन दिवस जातात आणि थायलंडमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो. तो टाळलेला बरा. मलेशियातून बाहेर पडण्याचं तिकीट थायलंडमध्ये उतरताना जवळ असू द्या. पुढे कुठे जाणार हे विचारलं तर दाखवता येतं.

मुक्काम कमी ठेवा. बारा रात्री हाताशी असतील तर क्राबीत तीन, लांटावर तीन, लिपेवर दोन, लंकावीत दोन आणि पेनांगला दोन, एवढं पुरे. कोणी सहावं ठिकाण सुचवलं तर नाही म्हणा. प्रत्येक हलण्यात अर्धा दिवस सामान बांधणं, धक्का गाठणं आणि बोटीची वाट बघणं यात जातो, आणि तो अर्धा दिवस सगळ्यात जास्त मुलांना आणि म्हाताऱ्यांना जड जातो.

थायलंडची बाजू

क्राबीत बहुतेक कुटुंबं आओ नांगला राहतात आणि ते सोयीचंही आहे. शेजारच्या रायलेला कड्यांमुळे रस्ताच नाही, लाँगटेल म्हणजे लांब दांड्याच्या मोटारीच्या लाकडी बोटीनेच जावं लागतं. ओहोटीच्या वेळी पूर्व बाजूला चिखल उघडा पडतो, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात विचारून मगच निघा. को मुक बेटावरची मोराकोत गुहा फोटोत सुंदर दिसते, पण आत जायला सुमारे ८० मीटर अंधारातून पोहत जावं लागतं. लाइफ जॅकेट असतं, तरी पाण्याची भीती वाटणाऱ्या मुलाला आग्रह करू नये.

लिपे हे तारुताओ राष्ट्रीय सागरी उद्यानातलं बेट. प्रवाळ बघायला याच्यासारखी जागा या वाटेवर दुसरी नाही. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनला २०२१ पासून बंदी आहे, कारण ही रसायनं प्रवाळाला मारक ठरतात. घरून घेतानाच बाटलीवरचे घटक वाचा. मुलांना लांब बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे घेतले तर सनस्क्रीनही कमी लागतं आणि जेलीफिशपासूनही बचाव होतो. या पाण्यात बॉक्स जेलीफिश क्वचित, पण असतात, आणि काही किनाऱ्यांवर त्यासाठी व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या दिसतील. दंश झालाच तर चोळू नका, गोडं पाणी लावू नका. किमान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतत राहा आणि लगेच मदत मागा.

जेवणाचं एक. शाकाहारी थाळी मागितली तरी रश्शात माशाचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट पडू शकते. ती तिथल्या स्वयंपाकात मिठासारखीच वापरतात. ‘जे’ लिहिलेली पिवळी-लाल पाटी असलेल्या ठिकाणी मांस, मासे, अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी ‘माई साई नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस घालू नका, एवढं वाक्य फोनमध्ये थाई लिपीत ठेवा आणि स्वयंपाक करणाऱ्यालाच दाखवा. पेनांगला गेलात की हा प्रश्न सुटतो. जॉर्जटाऊनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर भात-सांबार पोटभर मिळतं.

कागदपत्रं

प्रत्येकाचा पासपोर्ट, लहान बाळाचासुद्धा, प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून अधिक वैध हवा. व्हिसाच्या सवलती दोन्ही देश अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवड्यात अशी दोनदा सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. त्याशिवाय दोन ऑनलाइन फॉर्म आहेत: थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, १ मे २०२५ पासून, आणि मलेशियाचं, १ जानेवारी २०२४ पासून. दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचे आणि दोन्ही मोफत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, लगेच बंद करा. इथे लोक हमखास एक विसरतात: मलेशियाचा फॉर्म घरून भरता येत नाही, कारण तेव्हा ३ दिवसांपेक्षा जास्त अवधी असतो. तो लांटा किंवा लिपेच्या हॉटेलात बसून, प्रत्येकाच्या नावाने भरायचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. एकच पालक मुलांना घेऊन निघाला असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ असावं.

प्रवास विमा दोन्ही देशांसाठी घ्या. त्यात स्नॉर्कलिंग आणि स्पीडबोट धरलेली आहे का, ते पॉलिसीत वाचा.

सीमा ओलांडण्याचा दिवस

हा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, पुढचं विमान तर नकोच.

लिपेवर इमिग्रेशनचं काम पट्टाया नावाच्या किनाऱ्यालगतच (पट्टाया शहर वेगळं) होतं. बोटीच्या वेळेआधी दोन तास तिथे पोहोचा. काउंटरवर तिकीट आणि पासपोर्ट दिले की कंपनीचे लोक बरेचदा सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र ठेवून घेतात आणि ते थेट लंकावीला उतरल्यावर परत देतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला यात धस्स होतं, पण तिथली पद्धतच तशी आहे. प्रत्येक पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो फोनमध्ये असू द्या आणि परत मिळाल्यावर शिक्के तिथल्या तिथे तपासा.

मग बोटीत चढणं. अनेकदा लाँगटेलमधून मोठ्या बोटीपर्यंत जावं लागतं आणि लाँगटेलला पोहोचायला गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. पँट वर दुमडलेली, चपला हातात, आजींचा हात कोणीतरी धरलेला, अशी ती चढाई. म्हणून त्या दिवशी बूट नकोत. चाकांची मोठी बॅग वाळूत ओढली जात नाही; पाठीवरच्या किंवा हातात उचलता येतील अशा बॅगा घ्या. औषधं, पैसे आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट प्रत्येक बोटीत असेलच असं नाही, घरून नेलं तर जीव निश्चिंत राहतो. बोट लागत असेल त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चढण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

घड्याळ लक्षात ठेवा. मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. सकाळी ११ ला निघून दीड तास लागला तर लंकावीत दुपारचे दीड वाजलेले असतील. हॉटेलला ही वेळ कळवा आणि मुलांना बोटीत बसण्याआधी खायला घाला, नाहीतर जेवण फार उशिरा होतं.

उरलेले बाट लिपेवरच खर्च करा किंवा बदला आणि थोडे रिंगिट आधीच जवळ ठेवा. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटांहून जास्त शुल्क कापलं जातं, त्यामुळे थोडेथोडे नाही, एकदाच काढलेले बरे.

मलेशियाची बाजू

मलेशियात तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, अॅडॉप्टर बरोबर असू द्या. लंकावी केडा राज्यात येतं आणि तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. सरकारी काम किंवा गर्दीचा अंदाज बांधताना हे लक्षात घ्या. केबल कारला सकाळी लवकर जा. वारा वाढला की ती थांबवतात, म्हणून तिच्यासाठी राखलेला दिवस मुक्कामाचा शेवटचा नसावा.

किलिमच्या खारफुटीतली बोटफेरी मुलांना सगळ्यात आवडते. लंकावीला २००७ मध्ये युनेस्कोच्या जिओपार्कचा, म्हणजे भूवैज्ञानिक वारसा जपणाऱ्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला, त्यात हा भाग येतो. काही नावाडी घारींना कोंबडीचे तुकडे टाकून खाली बोलावतात. बोट ठरवतानाच सांगा की आम्हाला हा खेळ नको. पक्ष्यांची शिकारीची सवय मोडते, आणि खारफुटीत तसेही त्या घिरट्या घालताना दिसतातच.

लंकावीहून पेनांगला वयस्कर मंडळी असतील तर विमानच घ्या, उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचं. नाहीतर फेरीने कुआला पर्लिस, टॅक्सीने आराऊ स्टेशन आणि कोम्युटर रेल्वेने बटरवर्थ. ही वाट स्वस्त आहे, पण तिच्यात तीन वेळा सामान चढवायचं-उतरवायचं असतं.