प्रवाळांचा संकर: पाणी संध्याकाळीच भरून ठेवा

अ‍ॅक्रोपोराच्या (हा प्रवाळांचा एक गट) दोन जाती एकमेकींत मिसळतात का, हे बघायचं असेल तर पौर्णिमेनंतरच्या काही रात्री झोपेवर पाणी सोडा. प्रत्येक वसाहतीला वेगळी बादली. अंधार पडला की लाल टॉर्चने न्याहाळायचं. पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या जीवाच्या, तोंडाशी गुलाबी मणी दिसला की अंडी-शुक्राणूंची गाठोडी सुटायला आली.

सुटल्याची वेळ तिथल्या तिथे लिहा. नंतर आठवत नाही, आणि दोन जातींमधलं कुंपण बरेचदा वेळेचंच असतं. कॅरिबियनमधलं ऑर्बिसेला फ्रँक्सी हे प्रवाळ आपल्या दोन भावंडांच्या तास-दोन तास आधी मोकळं होतं. तोवर त्याचे शुक्राणू पांगलेले आणि दमलेले असतात.

गाठोड्यात अंडी आणि शुक्राणू एकत्रच असतात, खरी मेख इथे. १०० मायक्रॉनच्या चाळणीत ती अलगद हलवून फोडा. शुक्राणू खाली उतरतात, अंडी वर राहतात. चाळणी पाण्यात बुडालेलीच हवी. मग अंडी पाच-सहा पाण्यांतून काढायची, आणि ते गाळलेलं समुद्राचं पाणी संध्याकाळीच भरून ठेवायचं. एकदा मी आळस केला, गाठोडी सुटल्यावर टाकीतूनच बादली भरली. त्या पाण्यात शुक्राणू आधीच होते; पहाटे बिनशुक्राणूंच्या वाटीतली अंडी फळून मजेत दुभंगत होती! सगळी रात्र मोरीत ओतली.

वाट्या अशा लावा: ‘अ’ची अंडी ‘ब’चे शुक्राणू, मग उलट, प्रत्येक जातीची आपसातली जोडी, पण वसाहती वेगळ्या, स्वतःची स्वतःशी, आणि बिनशुक्राणूंची. उलटी जोडी गाळू नका. कॅरिबियनमधल्या अ‍ॅक्रोपोराच्या दोन जाती घ्या: सर्व्हिकॉर्निसची अंडी पाल्माटाचे शुक्राणू जितके सहज घेतात, तितकी पाल्माटाची अंडी सर्व्हिकॉर्निसचे घेत नाहीत. शुक्राणू मिलिलिटरला साधारण दहा लाख, म्हणजे पाणी जेमतेम गढुळलेलं. प्रत्येक वाटीला वेगळी पिपेट, यात काटकसर नको.

तीनेक तासांनी शंभरेक अंडी मोजा; दोन, चार, आठ पेशी झालेली वेगळी. ओतून घेऊ नका, कोवळे भ्रूण धक्क्याने फुटतात आणि मोजणी फसते.

संकराची वाटी दुभंगली तर अंड्याने दार उघडलं, एवढंच कळलं. समुद्रात दोन्हींचे शुक्राणू एकदम आले तर ते कोणाला घेईल, हे या वाटीत दिसत नाही. त्यासाठी दोन्ही शुक्राणू मिसळून आणखी एक वाटी लावा आणि पिल्लांचा बाप जनुकांवरून शोधा. नाहीच दुभंगली, तर आधी त्याच शुक्राणूंची स्वजातीची वाटी बघा. तीही गप्प असेल, तर त्या रात्री ‘अडसर सापडला’ असं वहीत लिहायचं नाही.