अमेरिकेतील अपघाताची भरपाई : वकिलाची टक्केवारी आणि थकलेली वैद्यकीय बिले यांचा मेळ कसा घालावा

अमेरिकेत मोटार अपघाताचा दावा तडजोडीने मिटला, की विमा कंपनीचा चेक सहसा थेट जखमी व्यक्तीच्या हाती पडत नाही. तो वकिलाच्या ट्रस्ट खात्यात जमा होतो, तेथून फी, दाव्याचा खर्च आणि वैद्यकीय देणी वळती होतात आणि उरेल ते अशिलाला मिळते. भारतात निकालावर अवलंबून असलेली टक्केवारीची फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही पद्धत नवखी वाटते आणि वकिलाने एवढी रक्कम घेतली म्हणजे बिलेही त्यानेच भागवली असतील, असे अनेकजण गृहीत धरतात. हे गृहीतक महागात पडते.

सर्वप्रथम वकिलाशी झालेला करार काढून वाचावा. दावा न्यायालयात दाखल होण्यापूर्वी मिटल्यास एक तृतीयांश आणि दाखल झाल्यानंतर ४० टक्के, असे दर सर्रास आढळतात. मात्र दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की टक्केवारी एकूण रकमेवर लावायची की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर. न्यू जर्सीत न्यायालयाचा नियमच आहे, की फी खर्च वजा करून काढावी आणि पहिल्या ७,५०,००० डॉलरपर्यंत ती एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी. इतरत्र बहुतेक ठिकाणी करारात लिहिले असेल ते चालते. दावा हरल्यास खर्च कोणी सोसायचा, हेही त्याच कागदात पाहावे.

त्यानंतर बिलांची यादी करावी, आणि हे काम वकिलाच्या कार्यालयावर पूर्णपणे सोपवू नये. एकाच रात्रीच्या उपचारांसाठी रुग्णालय, रुग्णवाहिका, तातडीच्या विभागातील डॉक्टर आणि एक्स-रे तपासणारा तज्ज्ञ यांची चार वेगळी बिले येऊ शकतात, आणि त्यांतले एखादे हमखास जुन्या पत्त्यावर जाते. प्रत्येक बिलापुढे ते कोणी भरले हे लिहावे : स्वतःच्या गाडीचा विमा, आरोग्य विमा, मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना), भेटीला आलेल्या आईवडिलांचा प्रवासी विमा, की कोणीच नाही. काही रुग्णालये आरोग्य विम्याकडे बिल न पाठवता थेट तडजोडीच्या रकमेवर लिएन, म्हणजे हक्क, नोंदवतात, कारण विम्याच्या सवलतीच्या दरापेक्षा त्यांना तिथे जास्त मिळते. अशा वेळी बिल विमा कंपनीकडे पाठवण्याची मागणी ताबडतोब लेखी करावी, कारण त्यालाही मुदत असते.

आता आकडे मांडून पाहू. तडजोड ६०,००० डॉलरची झाली, दाव्याचा खर्च ३,००० आणि आरोग्य विमा कंपनीने उपचारांसाठी आधी भरलेल्या पैशांच्या परतफेडीची मागणी २४,००० आहे, असे समजा. एक तृतीयांश फी एकूण रकमेवर धरली तर ती २०,००० होते आणि हाती १३,००० उरतात. फी खर्च वजा करून काढली तर ती १९,००० होते. शिवाय विमा कंपनीने मागणी एक तृतीयांशाने कमी करून १६,००० वर आणली, तर हाती २२,००० येतात.

अशी कपात मागणे म्हणजे याचना नव्हे. वकिलाच्या श्रमांमुळे विमा कंपनीलाही पैसे परत मिळाले, तेव्हा तिने फीचा वाटा उचलावा, हे तत्त्व तेथील न्यायालयांनी मान्य केलेले आहे, आणि मेडिकेअरच्या नियमांतही तशी वजावट आहे. मात्र नोकरीतून मिळालेली योजना मालक स्वतःच्या पैशातून चालवत असेल, तर संघराज्याचा कायदा लागू होतो आणि योजनेच्या मजकुराला प्राधान्य मिळते. तो मजकूर मागवून घ्यावा. इलिनॉयमध्ये उपचार करणाऱ्यांचे सर्व लिएन मिळून रकमेच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाहीत, पण उरलेले बिल रुग्णाकडून स्वतंत्रपणे वसूल करण्याची वाट तो कायदा बंद करत नाही. म्हणून रुग्णालयाशी तडजोड करताना 'ही रक्कम पूर्ण व अंतिम' असे शब्द पत्रात असल्याशिवाय पैसे सोडू नयेत. हाती फारच थोडे उरत असेल, तर वकिलालाही फी कमी करण्याविषयी विचारावे. काही वकील ती करतात.

दावा सोडल्याच्या कागदावर सही करण्याआधी संपूर्ण हिशेबाचा मसुदा मागावा, कारण सहीनंतर रक्कम वाढवून मागता येत नाही. एखाद्या देण्यावर वाद असेल, तर वादातली तेवढीच रक्कम ट्रस्ट खात्यात ठेवून उरलेली देण्याचा आग्रह धरावा. शारीरिक इजेच्या भरपाईवर साधारणतः संघराज्याचा प्राप्तिकर लागत नाही. व्याज आणि दंडात्मक भरपाई यांवर तो लागतो.

पैसे वाटले गेल्यावर प्रत्येक रुग्णालयाकडून आणि डॉक्टरांकडून बाकी शून्य असल्याचे पत्र घ्यावे. वसुली कंपनीकडे गेलेले ५०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचे वैद्यकीय बिल वर्षभर थकल्यास ते क्रेडिट अहवालात येऊ शकते, आणि तेव्हा ते खोडून काढण्यासाठी हेच पत्र लागते.